कढईतली नानकटाई

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत सहा वर्षांच्या नातीबरोबर ज्वारीच्या पिठाची नानकटाई करायची आहे. ओव्हन नाही. मागच्या खेपेला कढईत सगळी पसरून एकच पोळी झाली. काय चुकतं?
— एक आजी, जुळे सोलापूर

उत्तर: आजी, कढईला बोल लावू नका. ऑक्टोबरात आपल्याकडे दुपारी तूप बरणीतच पातळ होतं. त्यात मळलेला गोळा तापल्या कढईत पसरणारच. सकाळी लवकर करा, किंवा गोळे वळून २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून नुसत्या ज्वारीचा हातातच भुगा होतो. १०० ग्रॅम ज्वारीचं पीठ, तेवढीच कणीक, तेवढीच पिठीसाखर, १२० ग्रॅम थिजलेलं तूप, पाव चमचा खायचा सोडा. मूठभर शेंगदाण्याचं कूट हवंच, सोलापूरकर ना आपण! तूप-साखर फेसायचं काम नातीचं. पांढरं, हलकं होईपर्यंत हातानंच फेसू दे. कोपरापर्यंत माखेल, माखू दे. प्रत्येक गोळ्यावर अर्धा शेंगदाणा दाबायचा मानही तिचाच.

कढईत तळाला जाड मीठ, वर स्टँड, झाकण घालून १० मिनिटं तापवा. मग ताटली ठेवून मंद आचेवर २०-२५ मिनिटं. इथे मात्र नात लांब. गरम असताना नानकटाई मऊच लागते. कच्ची समजून पुन्हा भाजू नका, गार झाली की खुसखुशीत होते. खालची बाजू बदामी दिसली की गॅस बंद.