स्प्लॅटर, बीभत्स आणि चिळकांडी

प्रश्न असा आहे: 'टोकियो गोर पोलीस'सारख्या जपानी स्प्लॅटर सिनेमांना, म्हणजे रक्तमांसाची उधळण दाखवणाऱ्या भयपटांना, मराठीत 'रक्तपट' म्हणावं की 'बीभत्सपट'?

'रक्तपट' नको. रक्त युद्धपटात असतं, डाकूपटातही असतं. स्प्लॅटरमध्ये रक्त किती यापेक्षा ते कसं निघतं याला महत्त्व. योशिहिरो निशिमुरा यांच्या या २००८ सालच्या सिनेमात हात तुटला की रक्त ओघळत नाही. नळीचं तोंड अंगठ्याने दाबून धरल्यासारखं ते फवारत राहतं, इतकं की शेवटी हसूच येतं. आपल्याकडे शिंतोडे उडतात, सडा पडतो, थारोळ्यात माणूस पडलेला असतो, पण दाबाने सुटते ती चिळकांडी. स्प्लॅटरचं वर्णन करायला याहून नेमका शब्द मला माहीत नाही. प्रकाराचं नाव म्हणून 'चिळकांडीपट' मात्र विनोदी वाटेल. (या सिनेमांना तेही शोभेल म्हणा.)

आता 'बीभत्स'. आज हा शब्द आपण वरातीतल्या नाचासाठी वापरतो, म्हणजे जवळजवळ 'अश्लील' या अर्थी. मूळ अर्थ किळसवाणा. नवरसांपैकी हा एक, आणि या रसाचा स्थायिभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, जुगुप्सा (किळस). नाट्यशास्त्रात त्याचे दोन प्रकार वेगळे केले आहेत: रक्त वगैरे पाहून होतो तो क्षोभज, विष्ठा आणि कृमी पाहून होतो तो उद्वेगी. ही विभागणी इथे फार कामाची आहे. या सिनेमात पोलीसदलाचं खासगीकरण झालंय आणि त्यांची गाठ 'इंजिनियर' नावाच्या गुन्हेगारांशी आहे. या गुन्हेगारांचा अवयव तोडला की जखमेतून हत्यार उगवतं. चिळकांडी उडते तेव्हा क्षोभज, पण त्या जखमेत मांस वळवळून नवा आकार घेऊ लागतं तेव्हा अंगावर शिसारी येते ती उद्वेगीच्या जातीची. ज्याला बॉडी हॉरर म्हणतात ते हेच. ही जोडणी माझी, भरतमुनींवर ढकलू नये.

जपानी लोकांनी तरी काय केलं? स्प्लॅटरचं 'सुपुरात्ता' करून घेतलं, ग्रोटेस्कचं (म्हणजे विचित्र-विद्रूपचं) शेपूट कापून 'गुरो' केलं. सिनेमाच्या मूळ नावात 'गोर' (सांडलेलं रक्त) नाहीच, तिथे 'झान्कोकु' आहे, म्हणजे क्रूर. तेव्हा आपणही प्रकाराला खुशाल 'स्प्लॅटरपट' म्हणावं आणि चिळकांडी, शिसारी, बीभत्स हे शब्द परीक्षण लिहिताना वापरावेत.

लिहिताना फक्त 'बी' दीर्घ ठेवा. 'बिभत्स' सर्रास दिसतं. अर्जुनाचं 'बीभत्सु' हे नाव याच धातूवरून आलं आहे. लढताना आपण किळसवाणं कृत्य करत नाही म्हणून हे नाव पडलं, असं तो विराटपर्वात उत्तराला सांगतो.