कणकवलीहून व्हीजेटीआय: अकरावीत काय बघायचं

दहावीला ८८ टक्के आहेत, मुंबईचं व्हीजेटीआय इंजिनिअरिंग कॉलेज मिळेल का, असं विचारलंस. अरे, तिथल्या पदवी प्रवेशाला दहावीचे टक्के चालत नाहीत. तिथे राज्याच्या प्रवेश परीक्षेचे, म्हणजे एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाईल लागतात. आणि ९० पर्सेंटाईल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत, शंभरातली किती मुलं तुझ्या मागे आहेत त्याचा तो आकडा. सुरुवातीला बरीच मुलं इथेच फसतात.

सीईटीत गणिताला १०० गुण, फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १००. म्हणजे गणित कच्चं ठेवून चालणार नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नकोस. भर बारावीवर असतो, अकरावीचा वाटा साधारण २० टक्के.

राखीव प्रवर्गातून अर्ज करणार असशील तर जात पडताळणी, म्हणजे जातीचा दाखला सरकारी समितीकडून तपासून घेणं, आत्ताच सुरू कर. माझी राहून गेली होती. भर जुलैत आई आजोबांचा शाळेचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून देवगडहून ओरोसच्या पडताळणी कार्यालयात तीनदा गेली. शाई फुटू नये म्हणून एसटीत पिशवी पदराखाली धरून बसायची.

कॅपचा, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा पर्याय अर्ज (कॉलेजं पसंतीच्या क्रमाने लिहायची यादी) भरताना मित्राची यादी उतरवू नकोस. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तोच घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्या बंद. मागच्या वर्षीचे कटऑफ, म्हणजे कुठल्या कॉलेजात किती पर्सेंटाईलला प्रवेश थांबला ते आकडे, परीक्षा आणि प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर आहेत. आपला प्रवर्ग आणि शाखा बघून दहा कॉलेजं वहीत लिही आणि मला दाखव. तुला जमेल हे.