अडकलेला बल्ब काढताना

पहिल्यांदाच करताय ना? जमेल, फक्त घाई नको. टेबललॅम्प असेल तर प्लग काढा. छताचा दिवा असेल तर एमसीबी (वीज तोडणारा बोर्डावरचा सुरक्षा-स्विच) पाडा, नुसत्या बटणावर विसंबू नका. बल्ब पूर्ण गार होऊ द्या.

आता बल्बचा प्रकार बघा, कारण नवखे इथेच चुकतात.

- दोन पिनांचा: आत दाबा, दाबलेलाच ठेवून घड्याळाच्या उलट दिशेने थोडा फिरवा, मग बाहेर घ्या. न दाबता पिळलात तर काच धातूच्या टोपीपासून सुटते.
- आट्यांचा: दाबायचा नाही, उलटा फिरवा. हलेना तर किंचित सुलटा, पुन्हा उलटा.

हात घसरत असेल तर रबरी हातमोजा घाला.

काच फुटलीच तर वीज बंद असल्याची पुन्हा खात्री करा, चष्मा आणि जाड हातमोजे घाला, पक्कडीने टोपीची कडा धरून फिरवा. बटाटा खुपसायला सांगणारे भेटतील. मला तो उपाय अजिबात पटत नाही, होल्डरमध्ये ओल उतरते.

पावसाळ्यात बाल्कनीतले होल्डर गंजतात. तसं असेल तर बल्बशी झुंजू नका, इलेक्ट्रिशियनकडून होल्डरच बदलून घ्या. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत होल्डर सहज मिळतो.