रंगपंचमीला एक दिवसासाठी नाशिक

प्रश्न : रंगपंचमीला आई आणि मुलासह एका दिवसासाठी नाशिकला येतोय. काय पाहावं?

उत्तर : सकाळ काळाराम मंदिराला आणि गोदाघाटाला द्या. काळ्या दगडावरचं कोरीवकाम सकाळच्या उजेडात छान दिसतं. वाहन जुन्या नाशकात मुळीच आणू नका. गल्ल्या बंद असतात, अडकलात तर दुपार हातची जाईल.

खरा दिवस रहाडींचा. तिवंधा, दिल्ली दरवाजा, शनी चौक इथले हे पेशवेकालीन हौद वर्षभर फळ्या आणि मातीखाली बुजवलेले असतात. सणाच्या आधी ते उकरून साफ करतात, फुलं उकळून काढलेला रंग त्यात ओततात, पूजा होते आणि मग दुपारपासून धप्पे, म्हणजे हौदात उड्या! प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. धप्पा मारताना खालचा माणूस बाजूला झालाय ना, हे आधी बघा, इजा बहुधा तिथेच होते. हौद माणसाच्या उंचीहून खोल असतो, पोहता न येणाऱ्या मुलाने काठावरच भिजावं, तेही पोटभर होतं. कपडे जुने, अंगाला खोबरेल, मोबाइल घरीच.

ढोल वाजतो तिथून आईंना थोडं लांब, सावलीत बसवा. टिपरूचा, म्हणजे ढोलावर पडणाऱ्या काठीचा, आवाज जवळून कानाला झेपत नाही.