"त्या रात्री तू दारात उभी होतीस"

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय. १६ वर्षांचा मुलगा शाळा सोडून खोलीत कोंडून बसला, गांजा ओढू लागला, एकदा बाबांच्या अंगावर धावून गेला. शेवटी त्याला युटाच्या वाळवंटातल्या उपचार-शिबिरात पाठवलं. पहाटे चारला दोन भाडोत्री माणसं येऊन त्याला अंथरुणातून उठवून घेऊन गेली. पाच आठवड्यांनी त्याचं पत्र आलं, त्यात एकच ओळ: "त्या रात्री तू दारात उभी होतीस." तिथली थेरपिस्ट आता आईबाबांनाही फॅमिली थेरपीला बोलावते आहे. नवरा म्हणतो, "दिवसाला ५०० डॉलर मोजतोय, वर आम्हालाच कसली ट्रीटमेंट?" सांगलीला आजी-आजोबांना 'समर कॅम्पला गेलाय' असं सांगितलंय.

ताई,

आधी त्या ओळीला उत्तर द्या. "हो, मी दारात उभी होते. तुला न सांगता हे आम्ही दोघांनी ठरवलं. तू किती घाबरला असशील! मला माफ कर." एवढंच लिहा. पुढे 'पण तुझ्याच भल्यासाठी' नको. त्या एका 'पण'मुळे तो पुढचं काही वाचणार नाही.

तुमच्या यजमानांचा राग मला कळतो. पण मुलगा तिथे चकमक झाडून विस्तव पेटवायला शिकेल, पाठीवर ओझं घेऊन मैलोन्‌मैल चालेल, मनातलं बोलायलाही लागेल, आणि आठ-दहा आठवड्यांनी येईल तो त्याच जेवणाच्या टेबलावर. तिथे बाबा मार्कांबद्दल विचारतील, तो गप्प बसेल, तुम्ही मध्ये पडून विषय बदलाल. हे तिघांचं मिळून चाललेलं असतं. एकट्याला वाळवंटात पाठवून ते कसं सुटेल? थेरपिस्ट बोलावते ती दोष द्यायला नाही. दोघंही जा. ते नाहीच म्हणाले तर तुम्ही एकट्या जा, पण जा.

आणखी एक, आणि हे टाळू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या अशाच एका शिबिरात १२ वर्षांचा मुलगा पोचल्याला २४ तासही झाले नव्हते तोच दगावला; पुढे राज्याने ते शिबिर बंद केलं. युटात २०२१ च्या कायद्याने मुलाला दर आठवड्याला घरच्यांशी खासगीत बोलू देणं बंधनकारक आहे. नुसत्या पत्रांवर थांबू नका. बोलणं मागा, आणि जवळ कोणी नसताना त्याला विचारा: नीट खायला मिळतं का, झोप लागते का, कुणाची भीती वाटते का. टाळाटाळ झाली तर विमानाचं तिकीट काढा आणि त्याला घेऊन या.

आजी-आजोबांना काय सांगायचं, हे त्यालाच विचारा. त्याच्याबद्दलची गोष्ट आहे.

शिबिर संपत आलं की पुढे निवासी शाळेत ठेवा, असं बहुधा सुचवलं जाईल. तेव्हा लगेच हो म्हणू नका. त्याला आणायला तुम्ही दोघं स्वतः जा, आणि पुढचं काय ते त्याला समोर बसवून, दिवसाउजेडी ठरवा.