क्रँकची पुली अर्ध्यावर अडकली

प्रश्न (बार्शी): आमचा ३५ एचपीचा, तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर आहे. पुढच्या ऑइल सीलमधून तेल गळायचं, म्हणून रेडिएटर उतरवून क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टची) पुली पुलरने काढली. सील नवं टाकलं. आता पुली निम्मी आत जाते आणि अडते. मिस्त्री म्हणतो, लाकडी ठोकळा लावून घणाने ठोकू. ठोकावी का?

उत्तर: घण लांब ठेवा. पुली बिडाची आहे, तिची कड उडायला एक तिरका ठोका पुरतो. पुली वाचली तरी प्रत्येक ठोका क्रँकमधून सरळ थ्रस्ट वॉशरवर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्यांवर) जातो, आणि ते वॉशर बदलायचे तर इंजिन खालून उघडावं लागतं.

निम्म्यावर अडली म्हणजे पहिला संशय चावीवर घ्या, म्हणजे पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून दोघांच्या खाचांत बसणाऱ्या धातूच्या तुकड्यावर. अर्धचंद्र चावी खाचेत नीट तळाला टेकली नसेल, तर पुली सरकताना तिचं एक टोक वर उचलतं आणि पाचरीसारखं रुततं. अशा वेळी जोर लावाल तितकी पुली जास्त आवळते. पुली पुन्हा काढा. पुलरचे पंजे पट्ट्याच्या कडेला अडकवू नका, कड तुटते; पुलीच्या तोंडावर आट्यांची भोकं असतील तर त्यांत बोल्ट घालून ओढा. मग चावी काढून नुसती पुली हाताने घालून बघा. आधीपेक्षा आत गेली तर दोष चावीचा, तिथेच अडली तर शाफ्टवर किंवा पुलीच्या भोकात बर (धातूची वर आलेली खरखरीत कड) आहे.

चावी बाजूंनी घट्ट, पण माथ्यावर मोकळी हवी. चावी क्रँकमध्ये बसवून तिच्या माथ्यापासून शाफ्टच्या पलीकडच्या बाजूपर्यंत व्हर्निअरने माप घ्या. पुलीच्या खाचेच्या तळापासून समोरच्या भिंतीपर्यंतचं माप त्यापेक्षा ०.१ ते ०.२ मि.मी. जास्त भरलं पाहिजे. कमी भरलं तर चावीचा माथा कानशीने उतरवा, बाजूंना हात लावू नका. खाचेच्या कडांवरचे बर बारीक कानशीने काढा, शाफ्ट ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त गंज जाईपर्यंत पुसा. चकाकी येईपर्यंत घासत बसलात तर घट्टपणाच निघून जाईल.

आता तापवणं. गॅसच्या ज्योतीने बीड एका जागी तापतं आणि तडकतं. त्यापेक्षा मोठ्या पातेल्यात पाणी उकळा आणि पुली वीस मिनिटं त्यात बुडवून ठेवा. ४० मि.मी. भोकाची पुली ३० अंशांवरून १०० अंशांवर गेली की भोक सुमारे ०.०३ मि.मी. मोठं होतं, आणि अशा बसणीला बहुतेक वेळा तेवढंच लागतं. तेलात १२० अंशांपर्यंत तापवणारेही आहेत, पण आगीची भीती वेगळी आणि इतका गरम हब (पुलीचा सीलमध्ये जाणारा मधला भाग) सीलच्या रबरी ओठाला इजा करू शकतो. पुलीला रबरी डँपर (हादरे शोषणारा रबराचा थर) असेल तर पाण्यापलीकडे जाऊच नका. काम सकाळी लवकर करा, क्रँक थंड असतो.

चावीच्या रेषेत क्रँकच्या तोंडावर आणि पुलीवर खडूची खूण करा. सीलच्या ओठाला आणि शाफ्टला तेल लावा. जाड हातमोजे घालून पुली उचला, भोक फडक्याने कोरडं करा आणि एका दमात सरकवा. मधे थांबलात की थंड शाफ्ट पुलीची उष्णता ओढून घेतो आणि ती तिथेच चिकटते.

शेवटचा थोडा भाग राहिला तर स्टडने (डोकं नसलेल्या, आट्यांच्या दांड्याने) ओढा. मूळ बोल्ट आखूड असतो. तो दोन-तीन आट्यांवर धरून आवळला तर क्रँकचे आटे जातात, आणि हे नुकसान पुलीपेक्षा कितीतरी महाग. क्रँकच्या आट्यांचाच, ८.८ ग्रेडचा लांब स्टड घ्या. त्याच्या जाडीइतके तरी आटे आत गेले पाहिजेत. वर जाड वॉशर, नट, आट्यांना ग्रीस; मग पाना फिरवा. क्रँक फिरू नये म्हणून स्टार्टर काढून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकण लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर त्याआधीच सोडलेली हवी. पुली तळाला टेकली की स्टड काढून मूळ बोल्ट कंपनीच्या पुस्तकातल्या टॉर्कने आवळा.

कोणाला तरी क्लच दाबायला सांगून पुलीकडे बघा. ती पुढे सरकताना डोळ्याला दिसली, तर थ्रस्ट वॉशर आधीच गेलेले आहेत.

प्रश्न (सिन्नर): सील दोनदा बदललं, तरी पुलीमागून तेल येतंच.

उत्तर: पुलीच्या हबवर नख फिरवा. सीलचा ओठ जिथे घासतो तिथे चर पडला असेल आणि नख अडत असेल, तर कितीही सील बदला, गळणारच. हबवर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवा. किंवा कव्हरमध्ये जागा असेल तर सील २ ते ३ मि.मी. पुढे-मागे बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागी येईल. मागे सरकवताना ते तेल उडवणाऱ्या चकतीला टेकत नाही ना, हे बघा. स्प्रिंगची बाजू आतच हवी. इंजिनाचा ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारी नळी) तुंबला असला तरी दाब वाढून नवं सील गळतं, म्हणून तोही साफ करा.

प्रश्न (उदगीर): लेथवर पुलीचं भोक थोडं वाढवून घेतलं, म्हणजे हाताने बसेल. चालेल?

उत्तर: नाही. सैल पुलीत सगळा मार चावीवर येतो. प्रत्येक सिलिंडरच्या झटक्याला पुली किंचित मागेपुढे होते आणि आधी चावी, मग क्रँकची खाच खाल्ली जाते. भोक आधीच वाढवलं असेल तर त्यात बुश ठोकून शाफ्टच्या मापाने पुन्हा बोअर करून घ्या, आणि चावीची खाच जुन्या खुणेवरच पाडा, नाहीतर पुलीवरची टायमिंगची खूण चुकेल.