वाचकांचे प्रश्न : प्रोफाइल आहे, पण विचारणा होत नाही

प्रश्न : महाराजा सयाजीराव विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यानंतर गेली आठ वर्षे मी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत काम करते आहे. यजमानांची पुण्याला बदली होणार असल्याने मी लिंक्डइनवर प्रोफाइल तयार केले; परंतु माझ्याहून कमी अनुभवाच्या सहकाऱ्यांना फोन येतात आणि मला एकही येत नाही. प्रोफाइलची प्रत सोबत जोडली आहे. त्यात नेमके काय कमी आहे?
— एक वाचिका, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : प्रत लक्षपूर्वक वाचली. तुमच्या अनुभवात काही उणे नाही. जे उणे आहे ते शब्दांत आहे. भरती करणारी व्यक्ती एकेक प्रोफाइल उघडून वाचत बसत नाही. ती आधी पदनाम, ठिकाण, कौशल्ये, अनुभवाची वर्षे, शिक्षणसंस्था अशा चाळण्या लावते आणि त्यांतून जी नावे खाली उरतात, त्यांतलीच काही उघडते. ती शोधताना जे शब्द टाइप करते ते तुमच्या प्रोफाइलवर नसतील, तर तुम्ही कितीही कुशल असलात तरी त्या यादीत तुमचे नाव येणार नाही.

तुमच्या नावाखालची ओळ अशी आहे : ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह, ग्रेड एम-३ | हार्डवर्किंग | टीम प्लेअर’. यातील ‘एम-३’ ही तुमच्या कंपनीची अंतर्गत श्रेणी आहे. पुण्यातील कोणीही ती शोधणार नाही. ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ विक्री विभागातही असतात आणि हिशेब विभागातही. आपण मेहनती आहोत असे तर सगळेच लिहितात, आणि त्या शब्दावरून कोणी माणूस शोधल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. या ओळीत २२० अक्षरे मावतात, मात्र शोधाच्या यादीत, विशेषतः मोबाइलवर, तिचा सुरुवातीचा भागच दिसतो. म्हणून ती ‘क्वालिटी कंट्रोल (क्यूसी) केमिस्ट, फार्मा | एचपीएलसी, जीसी, मेथड व्हॅलिडेशन, स्टॅबिलिटी’ अशी, म्हणजे चाचणीची तंत्रे आणि कामे नावानिशी सांगणारी, करावी. प्रत्यक्षात अर्थातच इंग्रजी लिपीत लिहावी, कारण शोध त्याच लिपीत घेतला जातो. पूर्ण नाव आणि संक्षेप दोन्ही द्यावेत; कोणी ‘क्यूसी’ टाइप करील, कोणी ‘क्वालिटी कंट्रोल’. अनुभवाच्या भागातही पदनाम बाजारात रूढ असलेले असू द्या आणि कंपनीने दिलेले अधिकृत पद खालच्या वर्णनात स्पष्ट नोंदवा, म्हणजे पुढे कागदपत्रांची पडताळणी होईल तेव्हा तफावत निघणार नाही.

खरी संपत्ती तुमच्या अनुभवाच्या वर्णनात असायला हवी होती, आणि तिथे तुम्ही ‘रोजची चाचणी व नोंदी’ एवढ्या चार शब्दांत आठ वर्षे आटोपली आहेत. पत्रात मात्र तुम्ही लिहिता की तयार गोळ्यांची डिसोल्यूशन, म्हणजे विरघळण्याची, चाचणी तुमच्याकडे असते, मर्यादेबाहेर गेलेल्या निकालांचा, म्हणजे ओओएसचा, तपास तुम्ही करता आणि बाहेरच्या ऑडिटच्या वेळी प्रयोगशाळेची कागदपत्रे तुम्हीच सादर करता. हे सगळे प्रोफाइलवर यायला हवे : कोणती उपकरणे, त्यांवरील कोणते सॉफ्टवेअर, आयपी (भारतीय औषधकोश) की यूएसपी (अमेरिकी औषधकोश), हाताखाली किती जण. कौशल्यांच्या स्वतंत्र रकान्यातही हेच शब्द, समोर येणाऱ्या यादीतून निवडून, भरावेत. ‘एमएस ऑफिस’ तिथे सर्वांत वर आहे, ते खाली न्यावे. जे काम केलेले नाही त्याचे नाव केवळ शोधात यावे म्हणून घालू नये. मुलाखतीच्या दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते.

शिक्षणात तुम्ही नुसते ‘एमएसयू’ लिहिले आहे. त्या संक्षेपाची विद्यापीठे इतरत्रही आहेत. शहराचे नाव सरकारदरबारी वडोदरा झाले असले तरी आपल्या विद्यापीठाच्या अधिकृत नावात अजून ‘बडोदा’च आहे, तेव्हा ते पूर्ण नाव टाइप करून सुचवण्यांमधून निवडा, म्हणजे तुमचे प्रोफाइल संस्थेच्या पानाशी जोडले जाईल आणि माजी विद्यार्थ्यांच्या शोधातही येईल. पदवी माहेरच्या नावाने असल्यास तेही नोंदवावे.

ठिकाणाचा प्रश्न तुमच्या बाबतीत सर्वांत नाजूक आहे. पुण्याची चाळणी लावणाऱ्याला बडोद्याची व्यक्ती दिसेलच असे नाही. आताच खोटा पुण्याचा पत्ता घालण्याऐवजी ‘ओपन टू वर्क’ या, नोकरीच्या शोधात असल्याचे कळवणाऱ्या सोयीत पसंतीचे शहर म्हणून पुणे निवडा आणि ‘अबाउट’ या स्वतःविषयीच्या भागाच्या पहिल्याच वाक्यात, अमुक महिन्यापासून पुण्यात स्थायिक होत आहे, असे स्पष्ट लिहा. बदली झाली की ठिकाणही बदला. नोकरी डॉट कॉमवर पसंतीचे शहर आणि नोटीस पिरियड यांसाठी वेगळे रकाने आहेत, तेही भरा. तिथे अलीकडे सक्रिय असलेले उमेदवार वेगळे काढता येतात, त्यामुळे तिथले प्रोफाइल अधूनमधून उघडून अद्ययावत करीत राहावे.

आणखी एक : हे सर्व बदल करण्यापूर्वी, बदलांची सूचना ओळखीच्यांना पाठवण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करा. नाही तर संध्याकाळपर्यंत शेजारच्या टेबलावरून विचारणा होईल, आणि ती तुम्हाला हवी असलेली विचारणा नसेल.

प्रश्न : माझा मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाधारक असून वाघोडियातील एका कारखान्यात नोकरी करतो. लिंक्डइनवर फोटोभोवती ‘ओपन टू वर्क’ची हिरवी पट्टी लावल्यास नोकरी लवकर मिळते असे त्याचे मित्र सांगतात. ती लावावी का?
— एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : सध्याची नोकरी चालू असताना लावू नये. ती पट्टी सर्वांना दिसते, साहेबांनाही. त्याच सोयीत ‘फक्त भरती करणाऱ्यांना दिसावे’ असा दुसरा पर्याय आहे, तो निवडावा. त्यात आपल्याच कंपनीच्या भरती विभागापासून ही माहिती लपवण्याचा प्रयत्न केला जातो, पण तशी पूर्ण हमी लिंक्डइनही देत नाही. नोकरी डॉट कॉमवर ठराविक कंपन्यांना आपले प्रोफाइल दिसू नये अशी सोय आहे. तिथे सध्याच्या कंपनीचे नाव आधी घालावे. शिवाय मुलाने खाते कारखान्याच्या ईमेलवर उघडले असेल, तर आजच स्वतःचा ईमेल जोडून तो मुख्य करावा, कारण नोकरी सोडल्यावर कारखान्याचा ईमेल बंद होतो आणि पासवर्ड बदलण्याचा दुवाही तिथेच जातो.